पुलावरच्या दोन वर्षांनंतरची तबकडी : सॉनी रोलिन्स यांची 'द ब्रिज'

सॉनी रोलिन्स यांची 'द ब्रिज' ही ध्वनिमुद्रिका आरसीए व्हिक्टर कंपनीने १९६२ साली काढली आणि तेव्हापासून ती खपते आहे ती संगीताइतकीच तिच्यामागच्या गोष्टीच्या बळावर. कीर्तीच्या ऐन भरात असलेला जॅझ सॅक्सोफोनवादक १९५९ च्या उन्हाळ्यात अचानक मैफली बंद करतो, दोन वर्षांहून अधिक काळ कुठेही जाहीरपणे वाजवत नाही आणि त्या काळात न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास रियाज करतो, अशी ही गोष्ट. ती इतक्या वेळा आणि इतक्या भाबडेपणाने सांगितली गेली आहे की तिच्यातले खरे कारण बाजूला पडून नुसते दृश्य उरले आहे. मला ही तबकडी मनापासून प्रिय आहे आणि म्हणूनच ती कशासाठी घ्यावी व कशासाठी घेऊ नये, हे नीट लिहावेसे वाटते. कारण त्या गैरहजेरीचे खरे कारण ठाऊक नसेल, तर ऐकणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचीच शक्यता अधिक आहे. १९६२ साली अनेक जाणकारांचे नेमके तेच झाले.

रोलिन्स यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. आईवडील व्हर्जिन बेटांवरून आलेले. वयाची विशी ओलांडण्याच्या सुमारासच बड पॉवेल, माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक अशा थोरांबरोबर वाजवण्याची संधी त्यांना मिळाली आणि त्याच वयात चोरीचा गुन्हा, तुरुंगवास व हेरॉइनचे व्यसन हेही वाट्याला आले. १९५५ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी स्वतःहून उपचार घेतले आणि व्यसनातून ते बाहेर पडले. पुढच्या तीनचार वर्षांत त्यांनी जे काम केले ते थक्क करणारे आहे. ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउन व ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या पाच जणांच्या संचात ते वाजवू लागले. जून १९५६ मध्ये त्यांनी 'सॅक्सोफोन कोलोसस' ध्वनिमुद्रित केली आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी ब्राउन मोटार अपघातात गेले. १९५७ साली 'वे आउट वेस्ट'मध्ये पियानो वगळून केवळ बास आणि ड्रम यांच्या साथीवर त्यांनी सगळा डोलारा उभा केला, तर १९५८ साली 'फ्रीडम सूट'मध्ये कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उघडपणे मांडला. त्याच वर्षी संगीतकार व समीक्षक गुंथर शुलर यांनी 'सॅक्सोफोन कोलोसस'मधील 'ब्लू सेव्हन' या वादनाचे सविस्तर विश्लेषण करून, मूळ स्वरकल्पनेच्या आधारे उत्स्फूर्त वादनाची सलग बांधणी रोलिन्स कशी करतात, हे दाखवून दिले. स्तुती मोठी होती, पण ज्याच्या हातून ते वादन ओघात होऊन गेले होते त्याला ती अवघडून टाकणारीही होती, आणि तसे पुढे रोलिन्स यांनीच सांगितले.

अशा वेळी माणूस गायब झाला की वावड्या उठतात. पुन्हा व्यसन लागले असेल, मन खचले असेल, नव्या वादकांची धास्ती बसली असेल, असे तर्क लढवले गेले. पहिल्या तर्कामागे काही अंशी त्या काळची परिस्थिती होती, कारण जॅझच्या जगात अंमली पदार्थांनी खरोखरच अनेकांचे बळी घेतले होते आणि कुणी मैफलीत दिसेनासे झाले की लोकांच्या मनात आधी तेच येई. तिसरा तर्क मात्र नुसत्या तारखा लावून पाहिल्या तरी टिकत नाही. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या जॅझ क्लबमध्ये पाऊल ठेवले आणि खळबळ उडवून दिली ती नोव्हेंबर १९५९ मध्ये, दुसरे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची 'जायंट स्टेप्स' ही तबकडी बाजारात आली ती १९६० च्या सुरुवातीला, आणि रोलिन्स त्याआधीच मैफलींतून उठून गेले होते. कोल्ट्रेन तर त्यांचे मित्र होते आणि १९५६ साली दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रणही केले होते. या दोघांच्या धसक्याने रोलिन्स पळाले, असे आजही अधूनमधून लिहिले जाते; ते अन्यायाचे आहे.

खरे कारण स्वतः रोलिन्स यांनी अनेक मुलाखतींतून सांगितले आहे आणि ते ऐकायला अगदी साधे आहे. नाव फार लवकर आणि फार मोठे झाले होते. आपल्या नावाला ऐकायला येणारी माणसे जी अपेक्षा घेऊन येतात ती आपण पुरी करू शकत नाही, असे त्यांचे त्यांना जाणवू लागले होते. आणि लोकांनी पुढे ढकलत न्यावे व आपण तोंडघशी पडावे, यापेक्षा आपल्या गतीने, आपल्या मार्गाने तयारी पुरी करावी, असे त्यांनी ठरवले. यात रुसवा नव्हता की वैराग्याचे प्रदर्शन नव्हते. सुराची घडण, श्वासावरचा ताबा, स्वरसंगतीचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचे) ज्ञान अशा हातात धरून दुरुस्त करता येण्याजोग्या गोष्टींवर त्यांना काम करायचे होते. त्याबरोबर शरीरही दुरुस्त करायचे होते: धूम्रपान सोडणे, व्यायाम करणे, वाचन करणे हा त्याच संकल्पाचा भाग होता. वय अवघे अठ्ठावीस. मिळकत थांबली, पण जोडीदार ल्युसिल (पुढे १९६५ साली त्यांचा विवाह झाला) नोकरी करीत होत्या आणि घर त्यावर चालत होते. रोलिन्स यांच्या एकांताविषयी लिहिणारे बहुतेक जण ही बाब एका ओळीत उरकतात. मला ती पुलाइतकीच महत्त्वाची वाटते.

पूल कसा आला, तर तेही गूढ नाही. रोलिन्स मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात ग्रँड स्ट्रीटवर राहत होते. टेनर सॅक्सोफोन हे दाटीवाटीच्या इमारतीत दिवसभर वाजवण्याचे वाद्य नव्हे आणि शेजारी एक गरोदर बाई राहत होती. तिला त्रास देऊन रियाज करणे त्यांना पटेना. डिलान्सी स्ट्रीटवरून जाताना त्यांना पुलाकडे जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या, ते वर चढले आणि जागा सापडली. १९०३ साली खुला झालेला हा पूल ईस्ट रिव्हर ओलांडून ब्रुकलिनला जातो. मधोमध आगगाड्या धावतात, त्यांच्या दोन्ही अंगांनी मोटारींचे रस्ते आहेत आणि पायी जाणाऱ्यांची वाट त्यांच्या वर उचललेली आहे. पोलादी खांबांच्या आडोशाला उभे राहिले की येणाऱ्याजाणाऱ्याला वादक सहसा दिसत नसे. दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा बोचरी थंडी, ते तिथे जात. कधीकधी हा रियाज पंधरा-सोळा तासांपर्यंत चाले.

या जागेचा वादनावर काय परिणाम झाला असेल, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. खोलीत वाजवलेला स्वर भिंतींवरून परत येतो आणि वादकाला आपला आवाज असतो त्याहून भरदार वाटतो. मोकळ्या आभाळाखाली काहीच परत येत नाही. फुंक जितकी खरी तितकाच स्वर, बाकी सगळे वाऱ्यावर जाते, आणि त्यात खालून आगगाडी धडधडत गेली की तिच्या वरताण आवाज काढायचा तर तो घशातून नव्हे, पोटातून काढावा लागतो. नदीतल्या बोटींच्या भोंग्यांना रोलिन्स सॅक्सोफोनवरून उत्तरे देत. मोकळ्यावर वाजवल्याने आवाजाचा विस्तार आणि दमसास दोन्ही वाढतात, असे त्यांनी स्वतः म्हटले आहे. आपल्याकडच्या गायकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पहाटेचा खर्जाचा रियाज ज्याने केला आहे, त्याला एकच स्वर लांबवर धरून ठेवण्यातले कष्ट ठाऊक असतात. सोप्रानो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी यांच्यासारखे सहकारी कधीमधी तिथे सोबत वाजवून गेले, तेव्हा हा एकांत काही गुहेतला नव्हता. १९६१ साली 'मेट्रोनोम' मासिकात राल्फ बर्टन यांनी या वादकाविषयी लिहिले, पण एकांत मोडू नये म्हणून नाव बदलले आणि पूलही ब्रुकलिन ब्रिज असल्याचे सांगितले. जाणणाऱ्यांनी ओळखायचे ते ओळखलेच.

मराठी वाचकाला दीर्घ गैरहजेरी म्हटल्यावर कुमार गंधर्व आठवणे स्वाभाविक आहे. क्षयाने त्यांना देवासला काही वर्षे अंथरुणाला खिळवले, गाणे बंद झाले, आणि त्या सक्तीच्या शांततेतून ते परतले तेव्हा गाण्याची दिशाच बदललेली होती. तीच अपेक्षा घेऊन 'द ब्रिज' लावणाऱ्याची फसगत होते. रोलिन्स यांच्यावर कुठलीच सक्ती नव्हती, आणि परतताना त्यांनी दिशाही बदलली नव्हती. तोच माणूस, तीच जुनी गाणी, फक्त जे डळमळत होते असे त्याला वाटत होते, ते आता घट्ट झालेले.

नोव्हेंबर १९६१ मध्ये ग्रीनविच व्हिलेजमधील 'जॅझ गॅलरी'त त्यांनी पुनरागमन केले. आरसीए व्हिक्टरने भरघोस रकमेचा करार केला, आणि ३० जानेवारी, १३ व १४ फेब्रुवारी १९६२ या तीन दिवसांत कंपनीच्या न्यूयॉर्कमधील स्टुडिओत ही तबकडी तयार झाली. संच चौघांचा: सॅक्सोफोनवर रोलिन्स, गिटारवर जिम हॉल, बासवर बॉब क्रॅन्शॉ आणि ड्रमवर बेन रायली, एका गाण्यात रायली यांच्या जागी एच. टी. साँडर्स आहेत. पियानो नाही. हॉल यांना बोलावण्यासाठी रोलिन्स यांनी त्यांच्या टपालपेटीत चिठ्ठी टाकली होती, आणि ही निवडच तबकडीचे अर्धे यश आहे. पियानो दोन्ही हातांनी स्वरसंगतीची चौकट भरून टाकतो आणि वादकाला तिच्या आत राहावे लागते. हॉल यांची गिटार मोजके स्वर ठेवते, मागे सरते, आणि रोलिन्स यांच्या दोन वाक्यांमधली जागा रिकामी राहू देते. साथ करताना गप्प राहणे ज्यांना जमते असे वादक थोडेच असतात, आणि हॉल त्यांतले अग्रणी होते.

तबकडीत सहा गाणी आहेत, एकूण वेळ सुमारे चाळीस मिनिटे. सुरुवात 'विदाउट अ साँग' या जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या गाण्याने होते, आणि दोन वर्षांनी परतणाऱ्या वादकाने गाण्यावाचून जगणे कसे, असे विचारणाऱ्या चालीने दार उघडावे यात मला हेतू दिसतो. मध्य लयीत, कसलीही घाई न करता रोलिन्स मूळ चाल मांडतात. पहिल्याच ओळीत त्यांचा स्वर असा येतो की तो लावण्यासाठी काही करावे लागले असेल असे वाटतच नाही. मग चालीचा एखादाच तुकडा उचलून ते त्याला उलटसुलट फिरवतात, लांबवतात, मध्येच तोडून हॉल यांच्यासाठी सोडून देतात. पुलावरच्या कष्टांचा पुरावा ज्याला हवा असेल, त्याने या गाण्यातली वाक्ये संपतात कशी ते ऐकावे. शेवटचा स्वर दम संपला म्हणून थांबत नाही. तो हवा तेवढा टिकवून, हवा तिथे सोडलेला असतो.

'व्हेअर आर यू?' हे त्यानंतरचे विलंबित गाणे मला या तबकडीतले सर्वांत सुंदर वाटते. इथे वेग नाही, चमत्कृती नाही आणि म्हणून लपायला जागाही नाही. मंद्रातला जाडसर, किंचित खरखरीत स्वर हळूहळू वर चढतो तेव्हा त्याचा पोत कुठेही पातळ होत नाही. 'गॉड ब्लेस द चाइल्ड' या गायिका बिली हॉलिडे यांच्या गाण्याला वेगळे वजन आहे: रोलिन्स मैफलींतून निघून गेले त्याच उन्हाळ्यात, जुलै १९५९ मध्ये, हॉलिडे वारल्या. ते वाजवताना रोलिन्स कुठेही गळा काढत नाहीत, आणि सॅक्सोफोन व गिटार यांचे इथले संभाषण तर दोन वयस्क माणसांनी जुन्या दुःखाविषयी बोलावे तसे आहे.

रोलिन्स यांच्या स्वतःच्या रचना दोनच. 'जॉन एस.' अडखळल्यासारख्या तुकड्यांनी सुरू होते आणि मग एकदम सुसाट सुटते. 'द ब्रिज' हे शीर्षकाचे वादन त्याहून अवघड आहे. लय धावते, अचानक मोडते, ठाय होते, पुन्हा उसळते, आणि सॅक्सोफोन व गिटार या सगळ्या वळणांवर बरोबरीने पावले टाकतात. सहा मिनिटांच्या आत संपणाऱ्या या वादनात आगगाडी आणि बोटींचे भोंगे शोधण्याचा मोह होतो, पण तशी नक्कल तिथे नाही. लय मोडली तरी तोल न जाणे ही रियाजाची कमाई मात्र आहे. शेवटचे 'यू डू समथिंग टू मी' हे हलकेफुलके आहे, चांगले आहे, आणि इतरांच्या मानाने विसरून जाण्यासारखेही आहे. अशा तबकडीचा शेवट याहून भारदस्त असायला हवा होता.

तबकडी आली तेव्हाची तक्रार अशी होती की दोन वर्षे पुलावर काढून हा माणूस परतला तो काहीच नवे न घेता. कोलमन स्वरसंगतीची चौकट मोडून मोकळे झाले होते, कोल्ट्रेन रागसंगीताकडे पाहत होते, आणि रोलिन्स मात्र जुनी गाणी वाजवीत होते. तक्रार वस्तुस्थितीला धरून असली तरी ती ज्या अपेक्षेतून आली ती श्रोत्यांनी स्वतःच रचलेली होती. नवे संगीत शोधायला जातो, असे रोलिन्स कधी म्हणालेच नव्हते. आहे ते संगीत नीट वाजवता यावे म्हणून ते गेले होते. नव्या वाटेची त्यांना भीती नव्हती, हेही लगेच सिद्ध झाले, कारण त्याच वर्षी कोलमन यांच्या संचातील डॉन चेरी आणि बिली हिगिन्स यांना बरोबर घेऊन त्यांनी पुरते मोकळे वादन सुरू केले. माझ्या मते 'द ब्रिज'ची खरी उणीव वेगळी आहे. रोलिन्स यांच्या समोरासमोरच्या मैफलींत जो बेभानपणा, जी खट्याळ थट्टा आणि एकाच चालीवर दीर्घ काळ रेंगाळण्याची जी मुभा असे, ती इथे फारशी नाही. परतलेला माणूस जरा जपून वाजवतो आहे, हे दोनतीन ठिकाणी स्पष्ट जाणवते.

या तबकडीनंतरही त्यांची गैरहजेरी संपली नाही, आणि दुसऱ्या खेपेचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १९६९ साली रोलिन्स पुन्हा दोन वर्षांसाठी मैफलींतून बाहेर पडले आणि त्या काळात पवई येथील स्वामी चिन्मयानंद यांच्या आश्रमात काही महिने राहून त्यांनी योग, ध्यान व वेदान्त यांचा अभ्यास केला. डोळे मिटून बसणे आपल्याला साधत नाही, ही त्यांची अडचण होती. सॅक्सोफोन वाजवणे हेच तुमचे ध्यान आहे, या अर्थाचे उत्तर स्वामीजींकडून त्यांना मिळाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९७१ साली नॉर्वेतील काँग्सबर्गच्या महोत्सवात ते परतले. या खेपेचे कारण मात्र निराळे होते: पहिल्यांदा हात व श्वास यांचे समाधान होत नव्हते, दुसऱ्यांदा संगीताच्या धंद्याचा वीट आला होता. २०१४ साली निघालेल्या त्यांच्या 'रोड शोज'च्या तिसऱ्या खंडात 'पतंजली' नावाची त्यांची रचना आहे, ती पवईच्या संदर्भात आवर्जून ऐकावी. शेवटच्या गैरहजेरीवर मात्र त्यांचा इलाज चालला नाही. फुप्फुसांच्या फायब्रोसिसमुळे २०१२ नंतर जाहीर वादन थांबले आणि २०१४ पासून वाद्य वाजवणेच बंद करावे लागले. ज्या माणसाने दमसासासाठी दोन वर्षे पुलावर काढली, त्याला श्वासानेच थांबवावे हे वाचताना आजही मन कळवळते.

आता खरेदीविषयी. मूळ १९६२ ची तबकडी संग्राहकांच्या भावात जाते आणि केवळ ऐकण्यासाठी तिच्यामागे लागण्याचे कारण नाही. नव्याने काढलेली एलपी, सीडी किंवा इंटरनेटवरील प्रत, काहीही चालेल, पण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ही ऐकू नये. त्यावर क्रॅन्शॉ यांचा बास जवळजवळ नाहीसा होतो, आणि पियानो नसलेल्या या संचात सगळा भार बासवर असल्याने गाणे अधांतरी वाटू लागते. जॅझ प्रथमच ऐकणाऱ्याने आधी 'सॅक्सोफोन कोलोसस' घ्यावी. ज्याच्याकडे ती आहे त्याने तिच्यातले 'यू डोन्ट नो व्हॉट लव्ह इज' हे विलंबित गाणे आणि 'द ब्रिज'मधले 'व्हेअर आर यू?' एकापाठोपाठ लावून पाहावे. पहिल्यात पंचविशीतले अफाट देणे आहे, भावना आहे, आणि क्वचित स्वर उसळून निसटतोही. दुसऱ्यात तो कुठेच निसटत नाही. मला दोन्ही हवी आहेत, पण एकच ठेवायची झाली तर मी 'द ब्रिज' ठेवीन.